कैद्याची तक्रार कोणाच्या हातात पडते?

माझी मुलगी गेली दोन वर्षे शाळेच्या पॉलिसी डिबेट संघात आहे. या वादविवादात एक संघ सरकारी धोरण बदलण्याची योजना मांडतो आणि दुसरा तिला विरोध करतो. या उन्हाळ्याच्या सरावासाठी तिने स्वतःहून विषय निवडला तो कैद्यांवरील अत्याचारांचा. आम्ही कॅलिफोर्नियात डब्लिनजवळ राहतो. या भागात मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि आमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यापासून काही मैलांवर महिलांचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, तुरुंग होता. २०२४च्या एप्रिलमध्ये तो बंद झाल्याची बातमी वाचेपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता, याची खंत मला अजून आहे.

तिचा पहिला मसुदा निव्वळ हानीचा, म्हणजे कैद्यांवर काय गुदरते एवढेच सांगणारा, होता. न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २०११-१२ मध्ये केलेल्या पाहणीत तुरुंगांतील ४ टक्के कैद्यांनी आधीच्या वर्षभरात लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते, तो आकडा तिने सुरुवातीलाच घेतला होता. त्यापाठोपाठ डब्लिन: तिथल्या वॉर्डनला, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाला, कैदी स्त्रियांच्या लैंगिक छळाबद्दल २०२२च्या डिसेंबरमध्ये ज्यूरीने दोषी ठरवले, तुरुंगाच्या धर्मोपदेशकालाही शिक्षा झाली, आणि २०२४च्या अखेरीस शंभराहून अधिक स्त्रियांना मिळून ११ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे सरकारने मान्य केले. वाचताना माझाही घसा दाटून आला, तरीही मी तिला म्हणालो, "बाळा, यातले प्रत्येक वाक्य समोरचा संघ मान्य करील आणि तरीही जिंकेल." कारण अत्याचाराची बाजू घ्यायला तिथे कोणीही उभे राहणार नाही. समोरचे एवढेच विचारतील की, तुरुंगातील बलात्कार रोखण्याचा कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, २००३ मध्येच एकमताने केला, २०१२ मध्ये त्याची नियमावली आली, दर तीन वर्षांनी प्रत्येक तुरुंगाची तपासणी होते, मग तुमच्या नव्या योजनेची गरज काय?

या एका प्रश्नावर आम्ही तीन आठवडे घालवले. डिबेटच्या भाषेत याला इन्हेरन्सी म्हणतात, म्हणजे आजची व्यवस्था हा प्रश्न आपणहून का सोडवू शकत नाही याचे कारण. आमच्या प्रकरणाचा सारा भार त्यावरच आहे, असे मला वाटते. त्याचे उत्तर डब्लिनमध्येच होते. ज्या वॉर्डनला शिक्षा झाली, त्याच्याकडेच त्या २००३च्या कायद्याचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी होती. छळ करणारा आणि तक्रार कशी करावी हे शिकवणारा माणूस एकच असेल, तर नियमावली कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग कोणाला होणार?

बाहेरचे दार म्हणजे न्यायालय. पण तेही १९९६च्या एका कायद्याने अरुंद करून ठेवले आहे. या कायद्यानुसार कैद्याला फेडरल न्यायालयात दावा लावण्याआधी तुरुंगातील तक्रारीच्या सर्व पायऱ्या पूर्ण कराव्या लागतात, आणि २००६च्या वुडफर्ड विरुद्ध एन्गो या निकालाने त्या पायऱ्यांच्या मुदतीही काटेकोरपणे पाळणे बंधनकारक झाले. फेडरल तुरुंगात मारहाण झाली, तर पहिला अर्ज घटनेपासून २० दिवसांत द्यायचा, तोही त्याच तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीला २०१२च्या नियमावलीने मुदतीची अट काढून टाकली आहे, हे मी तिला मुद्दाम लिहून घ्यायला लावले, कारण हा फरक आपण लपवला आणि प्रतिपक्षाने तो उघड केला, तर पंचांचा आपल्या बाकीच्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो. त्याच कायद्याने वकिलाच्या फीवर मर्यादा घातली आहे, त्यामुळे असे खटले घ्यायला वकील सहजी पुढे येत नाहीत.

तेव्हा योजना अशी ठरली: काँग्रेसने १९९६चा कायदा दुरुस्त करून छळाच्या दाव्यांसाठी अंतर्गत तक्रारीची अट काढावी आणि फीची मर्यादाही उठवावी. यावर न्यायालयांत दाव्यांचा पूर येईल असा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो पोकळ नाही. दाव्यांची संख्या घटावी हाच त्या कायद्याचा हेतू होता आणि ती घटलीही. मात्र निराधार दावे सुरुवातीलाच फेटाळण्याचा अधिकार न्यायाधीशांना त्याच कायद्याने दिलेला आहे आणि आमची योजना त्याला हात लावत नाही.

याच सुमारास मी तिला मुंबईची एक गोष्ट सांगितली. पोलीस कोठडीतील स्त्रियांना मारहाण होते, असे पत्र पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १९८३च्या निकालात स्त्रियांच्या कोठडीवर महिला पोलिसांचाच पहारा असावा आणि सत्र न्यायाधीशाने कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात, असे आदेश दिले गेले. ते आदेश सर्वत्र पाळले गेले असे मी म्हणणार नाही. पण तक्रार पहारेकऱ्याच्या हातून न जाता थेट न्यायालयापर्यंत पोहोचली, ही गोष्ट तिने बरोबर हेरली.

आता एकच अवघड उत्तर उरले आहे. २०२४च्या जुलैमध्ये संमत झालेल्या कायद्याने फेडरल तुरुंगांची बाहेरून तपासणी आणि स्वतंत्र लोकपाल यांची तरतूद केली आहे, आणि तेवढे पुरेसे आहे असे प्रतिपक्ष म्हणणारच. परंतु तो कायदा फक्त फेडरल तुरुंगांपुरता आहे, तर देशातील बहुसंख्य कैदी राज्यांच्या तुरुंगांत आहेत. १९९६ची अट मात्र त्या साऱ्यांना लागू आहे. काल रात्री तिने हा मुद्दा शेवटच्या पानावरून काढून पहिल्या भाषणात घेतला, आणि त्यासाठी जागा करताना डब्लिनचे वर्णन दोन परिच्छेदांवरून चार ओळींवर आणले.