‘एव्हर एव्हर आफ्टर’ : घरगुती मांडणीची प्रगती-नोंद

‘एन्चँटेड’ या २००७ सालच्या डिस्नेपटातील ‘एव्हर एव्हर आफ्टर’ हे गाणे एक गळा, दोन साध्या गिटार आणि एक हवाईयन गिटार (तारांवरून धातूची दांडी सरकवून वाजवायचे वाद्य) एवढ्याच साधनांत उभे करण्याचे माझे काम आता निम्म्याच्या पुढे गेले आहे. धृवपद आणि पहिला अंतरा यांची गिटार-साथ ध्वनिमुद्रित झाली असून हवाईयन गिटारचे तुकडे बसत आले आहेत. गळ्याचे काम मात्र अजून बरेच बाकी आहे. ज्यांनी चित्रपटसंगीत आणि पॉप-कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या कंट्री संगीताचे पॉप वळण) यांच्या सीमेवरची गाणी वाजवून पाहिली आहेत, त्यांना ही नोंद उपयोगी पडेल, असे वाटते.

मांडणीचे सगळे निर्णय या गाण्याच्या चित्रपटातील जागेवरून ठरले, म्हणून तिच्याविषयी आधी लिहिते. संगीतकार ॲलन मेंकन आणि गीतकार स्टीफन श्वार्ट्झ या जोडीने ‘पोकाहोंटस’ आणि ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ या चित्रपटांनंतर ‘एन्चँटेड’साठी पुन्हा एकत्र काम केले. यातील गाणी क्रमाने ऐकली, तर हाताने रेखाटलेल्या अँडलेशिया या परीकथेतील राज्यात घडणाऱ्या ‘ट्रू लव्हज किस’मध्ये जुन्या डिस्ने परीकथांचा थाट ऐकू येतो, ‘दॅट्स हाउ यू नो’ सेंट्रल पार्कमध्ये रंगमंचावरच्या समूहगीतासारखे फुलत जाते, जॉन मॅकलॉफलिन यांच्या आवाजातील ‘सो क्लोज’ नृत्यसमारंभाला संथ लयीत नेते आणि शेवटी ‘एव्हर एव्हर आफ्टर’ रेडिओवरच्या समकालीन गाण्याच्या घाटात येते. २००८ च्या ऑस्करसाठी याच चित्रपटातील तीन गाण्यांना नामांकने मिळाली, पण त्यांत हे गाणे नव्हते. तरीही कथेचा शेवट पेलण्याचे सर्वांत अवघड काम याच गाण्याकडे आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे गाणे कॅरी अंडरवुड यांनी गायले आहे. ओक्लाहोमात वाढलेल्या आणि २००५ साली ‘अमेरिकन आयडॉल’ जिंकून पुढे आलेल्या या कंट्री गायिकेची चित्रपटात कोणतीही भूमिका नाही. डिस्नेपटांत शेवटच्या श्रेयनामावलीसाठी प्रसिद्ध गायकाचा आवाज घेण्याची रीत आधीपासूनच होती. १९९१ च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये अँजेला लॅन्सबरी यांनी गायलेले शीर्षकगीत शेवटी सेलीन डिऑन आणि पीबो ब्रायसन यांच्या आवाजात पुन्हा येते. तेथे तेच गाणे नव्या वेषात येते. ‘एन्चँटेड’मध्ये मात्र नवेच गाणे येते आणि ते नामावलीची वाट न पाहता, कथेचे धागे जुळत असतानाच सुरू होते. अँडलेशियातून आलेली नायिका जिझेल खऱ्या न्यूयॉर्कमध्ये राहून पोशाखांचे दुकान थाटते, तर न्यूयॉर्कची नॅन्सी अँडलेशियाचा राजपुत्र एडवर्ड याच्याशी लग्न करून अँडलेशियात जाते. संगीत नाटकाच्या शेवटी पात्रे भूमिकेबाहेर येऊन भरतवाक्य म्हणतात, तसा हा कथेबाहेरचा आवाज दोन्ही जगांना एकत्र निरोप देतो. त्यामुळे माझी मांडणी केवळ कंट्री झाली तर परीकथा हरवेल आणि केवळ सिनेमाची झाली तर शहर हरवेल, हे सूत्र मी पहिल्यापासून धरले आहे.

मूळ पट्टी माझ्या गळ्याला फार उंच पडते, म्हणून गाणे पांढरी पाचवर, म्हणजे जी मेजरमध्ये आणले. पहिली गिटार नेहमीच्या जुळणीत आहे. दुसऱ्या गिटारवर नॅशव्हिल जुळणी केली आहे: बारा तारांच्या गिटारचा संच आणून त्यातील बारीक तारा खालच्या चार जागांवर लावल्या, ज्यामुळे त्या चार तारा एक सप्तक वर बोलतात. एक गिटार डाव्या बाजूला आणि दुसरी उजव्या बाजूला ठेवल्यावर मधली जागा गळ्यासाठी मोकळी राहते आणि वरच्या तारांची चमक, व्हायोलिनचा ताफा नसतानाही, परीकथेचा थोडा प्रकाश देते. हा भाग माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर जमला.

खरा वेळ हवाईयन गिटारला लागतो आहे. कंट्रीतील रडवेला, घसरत येणारा आवाज प्रामुख्याने पेडल स्टीलचा, म्हणजे पायाच्या पेडलने तारांचे स्वर बदलता येणाऱ्या स्टील गिटारचा, असतो. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी पेडल दाबून, इतर तारा स्थिर ठेवत, निवडक तारांचेच स्वर वर नेले आणि त्यानंतर नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या शहरात त्या नादाची ओढ पसरली. हे वाद्य आपल्याकडे सहज मिळत नाही. मात्र त्याचे पूर्वज असलेले हवाईयन गिटार वाद्यांच्या दुकानांत मिळते आणि व्हॅन शिप्ली यांच्यासारख्या वादकांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुना त्यावर वाजवून ते घराघरांत पोहोचवले आहे. मी ते ओपन जी जुळणीत लावले आहे. त्यामुळे मोकळ्या तारांवर जी, पाचव्या पडद्यावर सी आणि सातव्या पडद्यावर डी हे तिन्ही मुख्य कॉर्ड सरळ दांडीने मिळतात.

पेडलची जागा बोटाने भरून काढावी लागते. दांडी अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी धरून तिच्या मागे अनामिकेने तार ओढली की कॉर्डमधला गंधार मध्यमापर्यंत चढतो आणि सोडला की परत गंधारावर येऊन विसावतो, आणि त्या वेळी बाकीच्या तारा मुळीच हलत नाहीत. हीच त्या नादाची किल्ली आहे. आपल्या मींडेत स्वर वळणे घेत, मधल्या श्रुती दाखवत जातो. येथे तो थेट ठरलेल्या जागी पोहोचायला हवा आणि कंपनही अरुंद ठेवायला हवे. बारीक तारांवर आणि मधल्या पडद्यांवर हे ओढणे चांगले साधते, पण पहिल्या काही पडद्यांवर तार फार ताठ वाटते, म्हणून तेथील सगळे तुकडे मी वरच्या सप्तकात नेले आहेत. धृवपदाच्या शेवटच्या ओळीनंतरची मोकळी जागा भरणारा छोटा तुकडा मला आता मनापासून आवडू लागला आहे.

गळ्याच्या बाबतीत ओक्लाहोमाच्या उच्चारांची नक्कल करायची नाही, असे ठरवले आहे. त्याऐवजी छातीचा भरदार आवाज धृवपदाच्या उंच स्वरांपर्यंत कितपत नेता येतो आणि कोठे तो हलक्या आवाजात बदलणे शोभते, याचा शोध घेते आहे. कंट्रीत ही जागा लपवत नाहीत; तेथे आवाज किंचित तुटतो आणि त्याच तुटण्यात भावना असते. हरकती घेताना भूपाचे पाच स्वर पुरतात, मात्र त्या छोट्या ठेवाव्या लागतात. भावगीताच्या सवयीने लांबवलेली हरकत येथे शब्दांना झाकून टाकते.

आता मधला तुकडा आणि शेवटचे धृवपद शिल्लक आहे. त्या धृवपदात नॅशव्हिल जुळणीची गिटार पहिल्या मात्रेपासून आणायची की दुसऱ्या ओळीपर्यंत राखून ठेवायची, हे दोन्ही प्रकारे ध्वनिमुद्रित करून ठरवणार आहे. ती राखून ठेवण्याकडे सध्या माझा कल आहे, कारण त्यामुळे गळा काही क्षण केवळ एका गिटारवर उभा राहतो आणि पुढचा उठाव अधिक मोठा वाटतो.