फ्रिज पोचला, फरशी फुटली : भरपाईचा माझा अनुभव

‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही’ असा एकपानी फॉर्म डिलिव्हरी कंपनीने मला चार वेळा पाठवला. चारही वेळा रक्कम १,८०० रुपयेच होती. शेवटी खात्यात जमा झाले ३३,५४५. मधला फरक कुठून आला ते सविस्तर लिहिते आहे, कारण बरेच जण कंटाळून पहिल्याच आठवड्यात त्या फॉर्मवर सही करतात, आणि एकदा सही झाली की पुढे भांडायला हातात फारसं काही उरत नाही.

घर नागपूरच्या मनीषनगरला, तिसऱ्या मजल्यावर. फ्रिज दोन दारांचा, वजन शंभर किलोच्या आसपास. लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून दोनच माणसांनी जिन्याने चढवला. एवढ्या वजनाला चार माणसं आणि खांद्यावरून घ्यायचे पट्टे लागतात. पण नागपुरात एप्रिलमध्ये फ्रिज-कूलरची गर्दी असते, तेव्हा ठेकेदार एका टेम्पोवर दोन हमाल चढवतो आणि दिवसभरात होईल तितका माल पोचवायला सांगतो. परिणाम असा की जिन्याच्या एका पायरीच्या ग्रॅनाइटची कड उडाली, मुख्य दाराच्या सागवानी चौकटीला खोक पडली, आणि हॉलमध्ये फ्रिज आपटून दोन टाइल्स तडकल्या. पुढे तो उचलायचा सोडून ओढत नेल्यामुळे आणखी पाच टाइल्सवर ओरखडे उमटले.

त्या हमालांकडून जागेवर पैसे मागू नका, आणि ते देत असले तरी घेऊ नका. ती रोजंदारीवरची माणसं आहेत. जबाबदारी त्यांना कामावर पाठवणाऱ्याची आहे. शिवाय पाचशे रुपये घेतलेत तर ‘जागेवरच मिटलं होतं’ असं कंपनी नंतर म्हणते. त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्या : डिलिव्हरीच्या पावतीवर ‘फ्रिज आत आणताना हॉलची फरशी, चौकट व पायरी यांचं नुकसान झालं’ असं हाताने लिहून त्याखाली त्यांची सही. कागदी पावती नसेल आणि सगळा व्यवहार ओटीपीवर असेल, तर ओटीपी सांगायच्या आधी ऑर्डरच्या मदत-चॅटमध्ये तेच वाक्य टाका. त्यावर तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. टेम्पोचा नंबर दिसेल असा एक फोटोही काढून ठेवा.

फोटोंबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. फरशीवरचे ओरखडे वरून काढलेल्या फोटोत दिसतच नाहीत, उलट ट्यूबलाइटची चमकच दिसते. दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा, म्हणजे प्रत्येक रेघेची सावली पडते आणि खोली कळते. शेजारी शाळेतली फूटपट्टी ठेवा. एका फोटोत तडकलेली टाइल आणि फ्रिजच्या खोक्यावरचं ऑर्डरचं लेबल दोन्ही येऊ द्या. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि तारखेची माहितीही गळून जाते. सोसायटीच्या सीसीटीव्हीची क्लिप त्याच दिवशी मागून घ्या, कारण हार्डडिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. जिना सोसायटीच्या मालकीचा असतो, म्हणून पायरीसाठी सेक्रेटरींचं पत्र वेगळं घ्यावं लागतं. ते मी नंतर घेतलं, आधीच घ्यायला हवं होतं.

आता जिथे सगळं अडलं ती जागा.

कंपनीचं म्हणणं : दोन टाइल्स फुटल्या, दोन टाइल्सचे पैसे घ्या. ऐकायला रास्त वाटतं. पण आमची फरशी नऊ वर्षांपूर्वीची, दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्सची. या टाइल्स बहुतेक गुजरातेतल्या मोरबीहून येतात, आणि तिथले कारखाने डिझाइन सारखी बदलत असतात. डिझाइन तेच मिळालं तरी प्रत्येक भट्टीची छटा थोडी वेगळी येते, म्हणूनच खोक्यावर शेड नंबर आणि बॅच नंबर छापलेला असतो. तडकलेल्या टाइलचा तुकडा निघाला तेव्हा त्यामागचा छाप घेऊन मी वर्धा रोडवरच्या तीन दुकानांत फिरले. तिघांनीही ‘हे डिझाइन बंद झालं, आता उपलब्ध नाही’ असं आपापल्या लेटरहेडवर लिहून दिलं. ही तीन पत्रं पुढे सगळ्यात जास्त कामाला आली. दुकानदार तोंडी पटकन सांगतात, लिहून द्यायला मात्र कंटाळतात. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा जा आणि मजकूर आधीच लिहून न्या, म्हणजे शिक्का-सही दहा मिनिटांत होते.

दुसरी अडचण मिस्त्रीने दाखवली. आमची फरशी त्या काळच्या पद्धतीने, मध्ये स्पेसर (फट राखणारे छोटे तुकडे) न घालता, टाइलला टाइल भिडवून बसवलेली होती. एक टाइल काढायची म्हणजे ग्राइंडरने चारही बाजूंची सांध काढायची, मग मधून फोडत कडेकडे यायचं. भिडवलेल्या टाइल्समध्ये ब्लेडला जागाच नसते. त्याच्या शब्दांत : “ताई, एक काढाले गेलो का बाजूच्या चार फुटतेत.” हेच वाक्य त्याच्याकडून साध्या मराठीत अंदाजपत्रकावर लिहून घेतलं. दोन फुटलेल्या आणि पाच ओरखडलेल्या टाइल्स हॉलच्या मधोमध, त्या बदलायच्या तर सगळा हॉल बदलल्याशिवाय काम होत नाही, हे त्या एका ओळीने सिद्ध झालं.

मग कंपनीने नवा मुद्दा काढला : टाइल खालून पोकळ होती म्हणून फुटली, हा बसवणाऱ्याचा दोष. हा मुद्दा तुमच्याकडेही हमखास येईल. त्याचं उत्तर एका नाण्यात आहे. पाच रुपयांचं जाड नाणं घेऊन फुटलेल्या टाइलच्या आजूबाजूच्या सगळ्या टाइल्स कोपऱ्यात आणि मध्ये वाजवा, आणि त्याचा आवाजासकट व्हिडिओ करा. भरीव टाइल टणक वाजते, पोकळ असली तर बद आवाज येतो. आमच्या भोवतालच्या आठही टाइल्स टणक वाजल्या, आणि कंपनीने पुढच्या मेलमध्ये हा विषयच काढला नाही. तुमची एखादी बद वाजली तरी घाबरू नका. इतकी वर्षं माणसांच्या वावराने न फुटलेली टाइल त्याच दिवशी, त्याच जागी, फ्रिज आपटल्यावर फुटली, हे लिहा.

यानंतर आला घसारा. फरशी नऊ वर्षांची, म्हणून एकूण रकमेतून निम्मे वजा. इथे मी खरोखर चिडले होते, आणि अजूनही तो मेल आठवला की चीड येते, कारण घसारा कशावर लागतो हे तिकडच्या कोणी क्षणभर विचारातच घेतलं नव्हतं. जुनी झाली असेल तर टाइल झाली. ती फोडायची मजुरी, मलबा तीन मजले खाली नेणं, नवीन टाइल बसवायचं काम, हे सगळं आज आणि आजच्याच भावाने करावं लागतं. त्याला घसारा कसला लावणार? म्हणून अंदाजपत्रक कधीही ‘फरशी काम एकूण इतके’ असं एका ओळीत घेऊ नका. बाबी सुट्या करून घ्या. माझं असं होतं : हॉल १२ बाय १६, म्हणजे १९२ चौरस फूट. तोडफोड धरून १४ खोकी (एका खोक्यात ४ टाइल्स), ८५० रुपये दराने ११,९००. जुनी फरशी काढणे २० रुपये फुटाने ३,८४०. वाळू-सिमेंटसह बसवणे ६० रुपये फुटाने ११,५२०. स्कर्टिंग ५२ फूट, ३० रुपयांनी १,५६०. मलबा उतरवणे आणि गाडीभाडं ३,५००. चौकटीची दुरुस्ती व पॉलिश २,८००. पायरीची कड १,४००. एकूण ३६,५२०. स्कर्टिंग बहुतेकांकडून सुटतं. फरशी उखडली की भिंतीलगतची पट्टी टिकत नाही, तेव्हा ती आधीच धरा. अंदाजपत्रकं दोन घ्या, दुसरं वेगळ्या मिस्त्रीचं. एकाच हस्ताक्षरातली दोन कंपनीच्या लगेच लक्षात येतात.

या सगळ्या काळात आणखी एक त्रास चालू होता. दर तीन दिवसांनी तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून आपोआप बंद व्हायची आणि पुन्हा उघडली की नवा नंबर, नवा माणूस, पुन्हा तेच फोटो. दोन महिने यात गेले. फोनवर बोलणं मी पूर्ण बंद केलं आणि एकाच मेलच्या साखळीत उत्तर देत राहिले, विषयात पहिला तक्रार नंबर कायम ठेवून. त्यामुळे ‘ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही’ असं म्हणायला जागा उरली नाही.

कायद्याचं बळ कुठे आहे तेही सांगते. ऑनलाइन मागवलेल्या मालासाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. विक्री करणाऱ्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असलाच पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं. मदत-चॅटवरच्या माणसाऐवजी थेट या अधिकाऱ्याला मेल करा, हे मला दीड महिन्याने सुचलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, मराठीतही बोलता येतं. ती आदेश देत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवते आणि तिचं उत्तर मागते. पण तिथली नोंद पुढे कागद म्हणून उपयोगी पडते.

पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘आमची जबाबदारी मालाच्या किमतीपुरती मर्यादित’ असं छापलेलं असतं, ते दाखवून कंपनी गप्प बसवू पाहते. नीट वाचा : ती अट वाहतुकीतल्या मालाची आहे, म्हणजे फ्रिजची. तुमची फरशी हा त्यांनी वाहून आणलेला माल नव्हता. ‘ती माणसं आमची नाहीत, ठेकेदाराची आहेत’ हेही ऐकवलं जाईल. यावर वाद घालत बसू नका. विक्रेता, संकेतस्थळ, डिलिव्हरी कंपनी आणि ठेकेदार, सगळ्यांना नोटीस पाठवा, आपसात काय ते ठरवू द्या.

नोटीस वकिलाचीच हवी असं नाही. मी स्वतः लिहिली, स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवली, १५ दिवसांची मुदत दिली आणि सोबत जिल्हा ग्राहक आयोगापुढे करायच्या तक्रारीचा तयार मसुदा जोडला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ही तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मालासाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. सीसीटीव्ही क्लिप आणि मोबाइलचे फोटो पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, म्हणजे ते चित्रण कोणत्या उपकरणातून कसं घेतलं हे सांगणारं, प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मसुद्यासोबतच तयार ठेवा.

मसुदा जोडल्याचा परिणाम अकराव्या दिवशी दिसला. पहिल्यांदाच निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाचा फोन आला. टाइल्सच्या ११,९०० वर २५ टक्के घसारा, म्हणजे २,९७५ वजा, बाकी सगळं पूर्ण, एवढ्यावर मी मान्य केलं. वॉलेटमध्ये क्रेडिट घ्यायला नकार दिला, पैसे बँक खात्यातच. फॉर्मवरचा मजकूरही बदलून घेतला : ‘रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरच ही पावती लागू होईल, आणि ती फक्त फरशी, चौकट व पायरीपुरती आहे.’ फ्रिजची वॉरंटी त्यात ओढली जाऊ नये म्हणून शेवटचा भाग हवाच.

टेम्पो मागे घेताना गेटचा खांब किंवा कंपाउंडची भिंत पडली असेल तर मात्र वाट वेगळी आहे. तो मोटार अपघात ठरतो. गाडीच्या विम्यातला थर्ड पार्टी भाग मालमत्तेच्या नुकसानीलाही लागतो. पोलीस ठाण्यात नोंद आणि पंचनामा करून घ्या, एमपरिवहन ॲपवर गाडीच्या नंबरावरून विमा कंपनी शोधा, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची सहा महिन्यांची मुदत चुकवू नका. ग्राहक आयोगाची दोन वर्षं डोक्यात ठेवून बसलात तर ही मुदत हातची जाते.

नवीन फरशी बसली. पाच अख्ख्या टाइल्स उरल्या, त्या लॉफ्टवर उभ्या ठेवल्या आहेत, आणि खोक्यावरचा शेड-बॅच नंबरचा तुकडा कापून फ्रिजच्या बिलाला स्टेपल केला आहे.