एक स्थानक अलीकडे

२०२४ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा आम्ही लंडनमध्ये काढला तेव्हा भारतातून येणाऱ्या प्रत्येक फोनची सुरुवात "घरीच आहेस ना?" या प्रश्नाने होत असे. २९ जुलैला साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावात नृत्यवर्गाला आलेल्या तीन लहान मुलींची चाकूने हत्या झाली आणि हल्लेखोर होडीतून आलेला आश्रयार्थी असल्याची अफवा एका बनावट नावासह पसरली. हल्लेखोर मुलगा ब्रिटनमधल्याच कार्डिफमध्ये जन्मलेला असल्याचे पोलिसांनी सांगितले होते. तरीही दुसऱ्याच दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर विटा फेकल्या गेल्या आणि आठवडाभरात दंगलीचे लोण संडरलंड, हल, मिडल्सब्रोपर्यंत पोहोचले. रॉदरहॅमला तर आश्रयार्थींना ठेवलेले हॉटेलच पेटवण्याचा प्रयत्न झाला.

ते हॉटेल लंडनमधल्या आमच्या वॉल्थमस्टो भागापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पण आईच्या टीव्हीवर त्या आगीखाली 'ब्रिटन' एवढेच लिहिलेले होते, त्यामुळे तिच्या दृष्टीने आग माझ्या दाराशी होती. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. आम्ही डोळे उघडायच्या आत तिकडच्यांची निम्मी सकाळ काळजीत गेलेली असे, आणि उठल्याबरोबर ती काळजी आमच्या फोनवर हजर होत असे.

मग टेलिग्रामवरून एक यादी फिरू लागली. बुधवारी, ७ ऑगस्टला रात्री, देशभरातील इमिग्रेशन सल्ला कार्यालयांवर चाल करून जाण्याचे तिच्यात आवाहन होते आणि आमच्या हो स्ट्रीटचेही नाव होते. ही यादी खरोखर फिरत होती आणि पोलीसही ती गांभीर्याने घेत होते, म्हणून तिच्या आगेमागे येणारे सगळेच मला खरे वाटू लागले. मंगळवारी संध्याकाळी "वॉल्थमस्टो सेंट्रल स्थानक बंद केले आहे, जमाव येत आहे" असा एक संदेश आला आणि मी तो क्षणाचाही विचार न करता आमच्या भागातील मराठी बायकांच्या गटात पुढे पाठवला. लोकांना सावध करतो आहोत, या समाधानात मी चहाही केला.

त्या गटात रुग्णालयात काम करणारी एक परिचारिका आहे. रात्रपाळीची परिचारिका आल्यावर ती आपली पाळी संपवून घरी निघाली होती. माझा संदेश वाचून ती एक स्थानक अलीकडे, ब्लॅकहॉर्स रोडला उतरली आणि अंधारात अर्धा तास एकटीच चालत आली. स्थानक सुरूच होते. माझ्या सावधगिरीमुळे ती नेमकी त्या रस्त्यांवर एकटी पडली, जिथे एकटे पडू नये म्हणून मी तो संदेश पाठवला होता. ती रागावली नाही, हेच मला अधिक लागले.

त्याच दिवशी भारतीय उच्चायुक्तालयाने सतर्क राहण्याची आणि निदर्शने सुरू असलेल्या भागात न जाण्याची सूचना दिली होती. सूचना रास्तच होती; पण "बाहेर पडू नका" हे लॅपटॉपवर काम करणाऱ्या माझ्यासारखीला सोपे असते, जिची पाळी रुग्णालयात आहे तिला नाही. म्हणून ऐकीव संदेश गटात टाकायचा नाही, असे मी ठरवले. कोणी काही पाठवले, तर हे तू स्वतः पाहिलेस का आणि किती वाजता, एवढेच मी विचारू लागले. बहुतेकदा उत्तर येत नसे. आईलाही दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी फोन करायचा आणि मधल्या वेळेतील चित्रफितींवर बोलायचे नाही, असा करार झाला. तो तिने दीड दिवस पाळला.

बुधवारी दुपारपासूनच हो स्ट्रीटवरची दुकाने बंद होऊ लागली. एक दुकानदार काचेवर प्लायवूड ठोकत होता आणि त्याचा मुलगा खिळे एकेक करून त्याच्या हातात देत होता. दोघेही बोलत नव्हते. संध्याकाळी रस्ता भरला, पण तो दंगलखोरांनी नव्हे, तर त्यांना विरोध करायला आलेल्या हजारो लोकांनी. मी त्या गर्दीत गेले नाही, हे सांगितले पाहिजे. भीती वाटत होती, आणि शांत राहायचे म्हणजे ती वाटलीच नाही असे भासवायचे, असे मला वाटत नाही. मी घरीच थांबून आवाज ऐकला आणि गटात काहीही लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटात वॉल्थमस्टो सेंट्रलच्या प्रवेशद्वाराचा एक फोटो आला. खाली त्या परिचारिकेने लिहिले होते, "७ वाजून १० मिनिटे. सुरू आहे. मी इथेच उभी आहे."