तुम्ही विचारलंत म्हणून : रमजान झाला, मग आता कसला रोजा?

"काहून चाचा, चहा नाई घेत आज? रमजान तं कवाचाच झाला ना?"

हा प्रश्न टपरीवर येतो, कृषी केंद्राच्या बाकावर येतो, ग्रामसभेत सतरंजीवर बसल्या बसल्या येतो. उत्तर सुरू करावं तर समोरचा "बरं बरं" म्हणून सोयाबीनच्या भावाकडे वळतो. पुढच्या महिन्यात तोच माणूस तोच प्रश्न परत विचारतो. म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो. मग विचारू नका, असं काही म्हणत नाही. विचाराल, हे मला माहीत आहे.

रमजानचा रोजा फर्ज, म्हणजे धरलाच पाहिजे. बाकी वर्षातले नफिल. धरले तर सवाब म्हणजे पुण्य, नाही धरले तर कुणी जाब विचारत नाही. हा खरं तर माणसाने गुपचूप करायचा व्यवहार. रमजानमध्ये सगळा मोहल्ला उपाशी असतो, त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. नफिलच्या दिवशी सगळं गाव खात-पीत असतं आणि तुम्ही एकटेच तोंड मिटून बसलेले. कुणी विचारलं की खोटं बोलता येत नाही, आणि खरं सांगितलं की मोठेपणा मिरवल्यासारखं होतं. तुम्ही विचारता आणि माझा अर्धा रोजा तिथेच सांडतो. तरी हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनांत, सांगितलंय, की जेवायला बोलावलं आणि रोजा असेल तर 'मला रोजा आहे' असं सांगा. म्हणून सांगतो.

दिवस कोणते? शव्वालचे सहा. शव्वाल म्हणजे रमजाननंतरचा महिना. त्याच्या पहिल्याच दिवशी रमजान ईद, तो दिवस सोडून त्या महिन्यात कधीही, सलग किंवा सुटे. रमजानचे तीस आणि हे सहा मिळून छत्तीस, एका नेकीचे दहा धरले की तीनशे साठ, म्हणजे वर्षभराचे रोजे, असा तो हिशेब. घरातल्या बायांचे रमजानमध्ये पाळीमुळे सुटलेले रोजे असतात. ते कजा म्हणजे अंगावरचं देणं, ते आधी फेडलेलं बरं. मग दर महिन्याच्या चांदाचे तेरा, चौदा, पंधरा. मग सोमवार आणि गुरुवार. रजब महिन्याच्या सत्तावीसच्या 'हजारी रोजा'वरून आमच्यातच वाद आहेत, त्याला पक्का आधार नाही असं सांगणारे आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, भरपूर आहेत. त्यात मी पडत नाही.

सगळ्यात वजनदार दिवस जिलहिज्जच्या, म्हणजे बकरीदच्या महिन्याच्या, पहिल्या दहाचे. कुराणात 'फज्र' सूरेच्या सुरुवातीला दहा रात्रींची शपथ आहे, त्या ह्याच, असं बहुतेक मुफस्सिर, म्हणजे कुराणाचा अर्थ सांगणारे, सांगतात. या दहा दिवसांत केलेली नेकी अल्लाहला इतर कुठल्याही दिवसांतल्या नेकीपेक्षा जास्त प्यारी, असं हदीसमध्ये आहे. नेकी म्हणजे नुसता रोजा नव्हे. कुणाची उधारी थकली असेल तर फेडणं, रुसलेल्या भावाच्या दारात आपण होऊन जाणं, पेरणीच्या तोंडावर कुणाकडे बियाण्याला पैसे नसतील तर न बोलता देणं, हेही त्यातच येतं. ज्याला कुर्बानी करायची आहे त्याने चांद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस-नखं काढायची नसतात. म्हणून त्या दिवसांत न्हाव्याकडे जात नाही. त्याला वाटतं, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. नववीच्या फजरपासून (पहाटेची नमाज) तेराव्याच्या असरपर्यंत (दुपारनंतरची नमाज) प्रत्येक फर्ज नमाजीनंतर तकबीर, म्हणजे अल्लाहच्या थोरवीचे शब्द, म्हणायची, एकूण तेवीस नमाजी. पहिल्या दिवशी एखाद्या नमाजीला ती हमखास विसरते.

नववी म्हणजे अरफाचा दिवस. त्या एका रोजाने मागच्या आणि पुढच्या वर्षाचे गुनाह, म्हणजे पापं, धुतले जाण्याची उमेद सांगितली आहे, आशुराच्या म्हणजे मोहरमच्या दहावीच्या रोजाने मागच्या एका वर्षाचे. हाजींनी मात्र तो धरायचा नसतो. पैगंबरसाहेबांनी अरफातच्या मैदानात उंटावर बसून सगळ्यांच्या देखत दूध प्यायलं होतं, लोकांना कळावं म्हणून. टीव्हीवर हाजी अरफातला दिसतात त्या दिवशी इथे बऱ्याचदा आठवीच असते, कारण आपला चांद साधारण एक दिवस मागे. मग फोन सुरू होतात, "रोजा आज का उद्या?" इथले बहुतेक उलेमा इथल्या चांदाने नववी धरा म्हणतात. 2023 मध्ये सौदीला 28 जूनला ईद होती आणि आमचा अरफाचा रोजा त्याच दिवशी होता.

आता शेताचं. जून-जुलैत आपल्याकडे सहरी, म्हणजे रोजाआधीचं पहाटेचं खाणं, सव्वाचारला संपते आणि सूर्य सातला बुडतो, म्हणजे पावणेपंधरा तास. डिसेंबरात तेच सव्वाबारावर येतात, म्हणून नवख्याने हिवाळ्यात सुरुवात करावी. रमजानमध्ये मशिदीतून उठवतात, नफिलला कुणी उठवत नाही, मोबाईलचा गजर लावून स्वतः उठायचं. सहरी चुकली तरी फजरपासून काही खाल्लं-प्यायलं नसेल तर जहवा-ए-कुबरापर्यंत नियत, म्हणजे रोजाचा संकल्प, करता येते. जहवा-ए-कुबरा म्हणजे फजर ते सूर्यास्ताचा बरोबर मध्य, उन्हाळ्यात साडेअकराच्या थोडा पुढे. पुष्कळ जण घड्याळातले बारा धरतात आणि तिथेच चुकतात. सहरीला ज्वारीची भाकर, दही, कांदा. लोणचं आणि मिरचीचा ठेचा नको, दहापासूनच घसा कोरडा पडतो. पाणी एकदम तांब्याभर ओतून फायदा नाही, ते तासाभरात निघून जातं. रात्रीपासून थोडं थोडं प्यावं. दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याचं डोकं दुपारी ठणकतं आणि तो उपासाला दोष देतो. दोन दिवस आधीपासून कप कमी केले तर ठणकत नाही.

भूल ही नफिलची खास अडचण. आजूबाजूला सगळे खात असतात. हरभऱ्याच्या वावरातून जाताना हात आपोआप घाट्याकडे जातो, दोन दाणे तोंडातही जातात. आठवल्याबरोबर थुंका, रोजा शाबूत आहे. धुरळा घशात गेला तरी तुटत नाही. वजू करताना, म्हणजे नमाजीआधी तोंड-हातपाय धुताना, रोजा आठवत असूनही चुकून पाणी घशाखाली उतरलं तर मात्र हनफी या मसलकाच्या (धर्मनियमांच्या एका परंपरेच्या) मताने तुटला, नंतर कजा करायची. आणि फवारणीच्या दिवशी नफिल धरूच नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते विसरलेलो नाही. उपाशीपोटी, उन्हात, घामाने निथळत पाठीवर पंप घेऊन औषध मारायचं आणि मळमळलं तरी रोजा आहे म्हणून रेटायचं, याला नेकी म्हणत नाहीत. रोजा उद्यावर ढकला, नाहीतर फवारणी ढकला.

पाच दिवस रोजा हराम आहे. रमजान ईद, बकरीद आणि तिच्यानंतरचे तीन. जिलहिज्जची तेरावी त्यात येते. दर महिन्याला तेरा-चौदा-पंधरा करणारा सवयीने ती धरतो आणि पुण्य मिळवता मिळवता गुनाह पदरात पाडून घेतो.

यावरून आणखी एक विचारता. आषाढीला मी का नाही धरत? गावाचा उपास असतो, मग आपणही. धरला असता. पण 2022 मध्ये 10 जुलैला आणि 2023 मध्ये 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरीद एकाच दिवशी आली. तुम्हाला उपास लागू, मला हराम. कुर्बानी तीन दिवसांत कधीही चालते, म्हणून 2023 मध्ये महाराष्ट्रात अनेक गावांतल्या मुसलमानांनी ती एकादशी उलटल्यावर केली. रोजाला तशी सवलत नाही. मग 2023 मध्येच धोंड्याचा महिना पडला, तुमचा आषाढ महिनाभर पुढे सरकला. आमच्या पंचांगात अधिक महिना नाहीच. म्हणून 2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला एकादशी आली ती मोहरमच्या दहावीवर, आशुरावर. दोन वर्षं तुम्ही आणि मी एकाच दिवशी उपाशी होतो. कुणाच्या लक्षात आलं? मला साबुदाण्याची उसळ पुढे केली गेली, "घ्या ना, उपासाचीच हाय." आमच्या रोजात फराळ नसतो, पाणीसुद्धा नसतं, हे आतापर्यंत किमान वीस वेळा सांगून झालंय. आशुराला नववी किंवा अकरावी जोडून दोन रोजे धरतात, हे तर सांगायचं मी सोडूनच दिलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती.

शेजारच्या वावरवाल्याच्या पोरीचं साक्षगंध होतं. आमचा धुरा एक, विहीर अर्धी अर्धी. मे महिना, गुरुवार. मला गुरुवारचा रोजा होता. सकाळपासून तिथेच होतो, पाण्याचे ड्रम लावले, पंगतीत वाढलं. बुंदी, पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, मठ्ठा. वाढणाऱ्याला कुणी जेवलास का म्हणून विचारत नाही, त्याचा मला आधार होता. पण वाढणाऱ्यांची पंगत शेवटी बसतेच. दीड वाजला होता. त्याने दंडाला धरून बसवलं. मी हळूच म्हणालो, रोजा आहे. तो हसला. "कोणता रोजा? गुरुवार तं माह्या घरचीबी करते, पण ते तुये नाई ना." मी म्हणालो, आमचाही असतो. तेवढ्यात त्याची माय आली, मूठभर बुंदी घेऊन. "एवढी तोंडाले लाव बापा, पोरीचं शुभ हाय." मी छातीवर हात ठेवला आणि एक पाऊल मागे सरलो. नुसतं एक पाऊल. तिने हात तसाच धरला होता, बुंदीचा पाक बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता. मग तिने ती परत परातीत टाकली, लुगड्याला हात पुसला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याईले चालत नसन."

त्या दिवसापासून त्या घरून मला जेवणाचं आवतन नाही. कार्य असलं की शिधा येतो. कणीक, तूर डाळ, गूळ, कधी तेलाची बाटली. अगदी मानाने, पोरगा घेऊन येतो आणि दारातूनच देतो. 'त्याईले चालत नाई' हे त्या घराने मनात पक्कं करून टाकलं, तेही माझा आदर म्हणून. मी दोनदा सांगितलं की चालतं, त्या दिवशी फक्त रोजा होता. "हो हो," म्हणतात. शिधा येतोच.

चुकलं कुणाचं? हनफी किताबांत लिहिलंय, की यजमानाचं मन दुखत असेल आणि कजा करायची खात्री असेल तर नफिल रोजा मोडता येतो, पण जहवा-ए-कुबराच्या आधी. नंतर फक्त आईबापासाठी, तोही असरच्या आधी. आपल्याकडची पंगत साडेअकराला कधी बसली आहे का? दीड वाजला होता, म्हणजे किताबाने मी बरोबर. शाफई या दुसऱ्या मसलकाच्या मताने नफिलवाला स्वतःचा मालक, तो केव्हाही मोडू शकतो. आणि बुखारी या हदीसच्या किताबात सलमान आणि अबू दरदा या पैगंबरसाहेबांच्या दोन साथीदारांची हकिकत आहे. सलमान पाहुणे आले, अबू दरदाने जेवण पुढे ठेवलं आणि म्हणाले, मला रोजा आहे. सलमान म्हणाले, तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. अबू दरदा जेवले. पैगंबरसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, सलमानचं खरं आहे. ही हकिकत मला त्या दिवशीही माहीत होती. किताबातली वेळही माहीत होती. मी वेळ निवडली.

का निवडली, तेही सांगतो. त्या दिवशी मी मागे सरलो तेव्हा आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं. पन्नास माणसं बघत होती, आणि हा माणूस पक्का आहे, असं त्यांना वाटत असणार, असं मला वाटलं. रोजा तर तिथेच गेला म्हणायचा. मग बुंदीच खाल्ली असती तर काय बिघडलं असतं? त्या वेळच्या मला हे विचारलं की तो म्हणतो, एकदा मोडला की दर गुरुवारी कुणाचं तरी शुभ असणारच, मग धरायचा कधी? त्याचंही खोटं नाही. या भांडणात अजून कुणी हरलेलं नाही.

नियमातला बदल एवढाच केला, की गावात कार्य असलं तर त्या दिवशी नफिल धरत नाही. आदल्या दिवशी विचारून घेतो. विचारलं की लोक म्हणतात, "काहून, रोजा हाय का?"

मागच्या डिसेंबरात त्यांच्या नातवाचं नाव ठेवलं. मंगळवार होता, मी सकाळी चहा-पोहे खाऊन, धुतलेला शर्ट घालून ओसरीवर बसून होतो. अकराच्या सुमाराला पोरगा आला. थैलीत दोन किलो कणीक, किलोभर डाळ, गुळाची ढेप, आणि वर कागदात बांधलेली बुंदी. "आजीनं सांगितलं," तो म्हणाला, "संध्याकाळी सोडा म्हणून."