जोड-प्रकल्प: चौघं पुण्यातले, चौघं जर्मनीतले

एमबीएला इंटरनॅशनल बिझनेस घेतलं की आमच्या कॉलेजात परदेशी विद्यापीठाबरोबर जोड-प्रकल्प करावा लागतो. आम्हाला जर्मनी मिळाली. विषय: सांगलीची हळद तिकडच्या बाजारात कशी विकायची. पुण्यात जर्मनीचं अप्रूप नाही. चाकणला फोक्सवॅगन आहे, जर्मन शिकायला मॅक्स म्युलर भवनात जाऊन आलेलं कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतं. त्यामुळे आम्ही निर्धास्त.

तयारीच्या तासांना हॉफस्टेड शिकवला, म्हणजे देशोदेशीच्या संस्कृतींना आकडे देणारा डच अभ्यासक. पॉवर डिस्टन्समध्ये, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठातलं अंतर लोक किती मान्य करतात यात, भारत 77, जर्मनी 35. पाठ करायला बरं. पण मूळ पाहणी 1967 ते 1973 दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांची झालेली, आणि आकडा देशाच्या सरासरीचा. आमच्या गटात एक सांगलीची, एक टांझानियाचा, एक चाकणला पहिली शिफ्ट करून शिकणारा आणि मी. तिकडे एकीचे आजी-आजोबा तुर्कस्तानातून आलेले. आता 77 कुणाला लावायचे आणि 35 कुणाला?

वेळेचंही एक सांगते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात. मीटिंग जर्मन वेळेवर लावलेली असेल, तर साडेचारचा कॉल आपल्याकडे साडेतीनला येतो. आमचा शिफ्टवाला तेव्हा कंपनीच्या बसमध्ये. वेळ पुण्याच्या घड्याळावर बांधून घ्या.

खरी गंमत कॉलवर. जर्मन मुलं तोंडावर सांगायची, ‘हे पान चुकलंय, खर्च जुळत नाही.’ आमच्याकडे शांतता. कॉल संपला की मग आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटायचा, तोही मराठीत.

तोडगा तिकडून आला. कॉलच्या आदल्या रात्रीपर्यंत प्रत्येकाने आपले आक्षेप एका सामायिक फाइलमध्ये लिहायचे, आणि कॉलची पहिली दहा मिनिटं नुसतं वाचायचं. मला हे बालवाडीसारखं वाटलं होतं. पहिल्याच फाइलमध्ये टांझानियाच्या मुलाने लिहिलं, ‘निर्णय कॉलनंतर मराठीत होतात, मला दुसऱ्या दिवशी कळतात.’ त्या दिवसापासून ग्रुपवर इंग्रजी सुरू झालं, थोडं कृत्रिम वाटलं तरी. कॉलवर एक अक्षर न बोलणाऱ्या सांगलीच्या मुलीचे मुद्दे सर्वांत धारदार निघाले: युरोपीय संघात इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केलेले मसाले चालत नाहीत, मग वाफेवरच्या प्रक्रियेचा खर्च कुठे धरलाय? सेंद्रिय प्रमाणपत्राचा? जर्मन मुलांनी अख्खं खर्चाचं प्रकरण तिच्याकडे सोपवलं. तिचा आवाज कॉलवर नंतरही कमीच ऐकू यायचा. त्याने कुणाचं काही अडलं नाही.

हॉफस्टेडचा तक्ता अहवालात ठेवला, त्याला मार्क होते. आक्षेपांची फाइल परिशिष्टात लावली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तक्त्याचं पान उलटलं आणि पुढचा सगळा वेळ परिशिष्टावरच प्रश्न विचारले.