इंदुरात कपलर शोधताना

बिजासन घाट चढताना उजवा हेडलाइट गेला. सेंधव्याला चहाला थांबलो, बॉनेट उघडलं आणि जळक्या प्लॅस्टिकचा भपकारा आला. बल्ब शाबूत होता. त्याच्या मागचा तीन पिनांचा होल्डर मात्र वितळून बल्बलाच चिकटला होता. पुढचे दीडशेएक किलोमीटर एका दिव्यावर, ट्रकच्या मागे मागे काढले. तुम्ही असं करू नका. सेंधव्यालाच मुक्काम करायला हवा होता.

इंदुरात रामबागेत मामाचं घर. मामाची सगळी नोकरी पीथमपूरला एका वाहन कारखान्यात, तीही वायरिंगच्या कामावर. सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून त्याने आधी तो होल्डर हातात घेतला.

"बल्ब किती वॅटचा घातलायस?"

पाहिलं तर 100/90, म्हणजे अप्परला 100 वॅट आणि डिप्परला 90. वर्षभरापूर्वी एका गॅरेजवाल्याने "उजेड भारी पडेल" म्हणून बसवून दिलेला. गाडीचा मूळ बल्ब 60/55चा. 12 व्होल्टवर 60 वॅट म्हणजे 5 अँपिअर, 100 वॅट म्हणजे 8च्या वर. आणि सैल झालेल्या पिनेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. होल्डर वर्षभर टिकला हेच आश्चर्य.

मग मामाने सहज विचारलं, आणखी काही? म्हटलं, ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद मिणमिणतो. तो हसलाच. "अर्थिंग गेलंय." डिकीतलं अस्तर काढलं, तर मागच्या दिव्याचा सहा पिनांचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा दोन अर्ध्यांचा प्लग, आतून हिरवागार. डिकीच्या रबरातून पाणी झिरपत होतं. परत जायची वाट न मिळालेला करंट इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढत होता.

तर खरेदी दोन वस्तूंची: हेडलाइटचा होल्डर आणि तो सहा पिनांचा कपलर. हो, कपलरच म्हणा. 'कनेक्टर' म्हटलं की दुकानदार प्लंबिंगकडे बोट दाखवतो.

त्या दिवशी रविवार होता. हौसेने एक चक्कर मारली, बहुतेक शटर खाली. संध्याकाळी सराफ्यात गराडू (तळलेला कंद) खाऊन परतलो, तेवढाच फायदा.

सोमवारी सरवटे बसस्टँडजवळच्या छोटी ग्वालटोलीत गेलो. होल्डर पहिल्याच दुकानात मिळाला, कारण एच-4 या प्रकारच्या बल्बचा होल्डर कितीतरी गाड्यांना एकच चालतो. साधा प्लॅस्टिकचा आणि पांढरा सिरॅमिकचा, दोन्ही तारांसकट. सिरॅमिक वितळत नाही, पण पिन सैल असेल तर तोही काही करू शकत नाही. तार तापतच राहते. म्हणून होल्डर घेताना बल्ब खिशात ठेवा आणि दुकानातच घालून बघा. घट्ट बसला पाहिजे, काढताना जोर लागला पाहिजे. शिवाय तार चिमटीत धरून बघा. वरचं आवरण जाड आणि आत तांब्याचे चारच धागे, असा माल भरपूर असतो.

कपलरचं मात्र अवघड झालं. तीन दुकानांत एकच उत्तर: "भिया, अकेला कपलर नहीं आता, पूरी वायरिंग आती है." माझी चूक अशी की मी प्रत्येक ठिकाणी गाडीचं नाव आणि मॉडेल आधी सांगत होतो. दुकानदार त्या नावाचं खोकं शोधायचा, ते नसलं की विषय संपला.

घरी आल्यावर मामाने बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर काढलं. पिनेच्या पात्याची रुंदी 2.8 मिलिमीटर. "अरे, ही तर मोटरसायकलची पिन! मोटारवाल्यांकडे कशाला फिरतोयस?" कपलर गाडीच्या कंपनीचा नसतो, तो पिनेच्या मापाचा असतो: 2.8, 4.8, 6.3. पिनांची संख्या, पात्याची रुंदी आणि रबरी सील आहे की नाही, एवढं जुळलं की निम्मं काम झालं. पुढचा प्रश्न फक्त लॉकच्या आकाराचा, आणि तोही सुटतो, दोन्ही अर्धे नवे घेतले तर. जुन्या अर्ध्याला नवा अर्धा जुळवत बसलात तर दिवस जाईल.

दुपारी टू-व्हीलरच्या वायरिंगचं दुकान गाठलं. गाडीचं नाव काढलंच नाही, कापलेला जुना कपलर काउंटरवर ठेवला. दुकानदाराने मागच्या बरणीतून मेल-फीमेल जोडी काढली, पिना वेगळ्या मोजून दिल्या. दोन मिनिटं. सहाऐवजी दहा-दहा पिना घ्या, पहिल्या दोन-तीन वाया जातातच. हीट श्रिंक स्लीव, म्हणजे तापवली की तारेवर आवळून बसणारी नळी, जेल रोडला मिळाली. आतून गोंद असलेली मागा. पाणी येतं तिथे साधी कामाची नाही.

बसवण्याबद्दल थोडं. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा. जुन्या कपलरचा फोटो काढा, पण तारांच्या बाजूने. तोंडाकडून काढलात तर डावं-उजवं उलटतं. मी उलटवलं, आणि ब्रेक दाबल्यावर रिव्हर्सचा दिवा लागला. काळी पडलेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे छाटा. पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढची तांब्यावर, मागची आवरणावर दाबायची. साध्या पक्कडीने ते नीट होत नाही, क्रिम्पिंगची, म्हणजे हे पंख दाबायची खास पक्कड लागते. मला सोल्डर करायचा मोह झाला होता, पण मामाने हात धरला. कथील धाग्यांमधून वर चढतं, तार तिथे काडीसारखी ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. प्रत्येक पिन आत सरकवल्यावर टक् असा आवाज आला पाहिजे. मग तार हलकेच ओढून बघा.

पिवळा कपलर दिसला तर मात्र त्याला हात लावू नका. तो एअरबॅगचा असतो.

60/55चा बल्ब परत घातला. उजेड कमी वाटेल असं वाटलं होतं, वाटला नाही. होल्डर बदलल्यावर पूर्ण व्होल्टेज पोचत होतं. उरलेल्या पिना डबीत भरत होतो, तर मामाने त्यातल्या चार उचलल्या. त्याच्या स्कूटरचा हॉर्न दिवाळीपासून बंद आहे म्हणे.