पट्टीचा फोटो

वेबसाइट काढून आठ महिने झाले तरी तिच्यावर येणारे आम्ही दोघंच होतो. एक मी आणि दुसरी माझी बायको, तीही मी लिंक पाठवली की.

शिरोली एमआयडीसीत आमचं पॅटर्नचं छोटं वर्कशॉप आहे. फाउंड्रीत वाळूचा साचा घ्यायला जो नमुना लागतो तो पॅटर्न, आणि कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, आतून पोकळ हवं असेल तर त्यासाठी कोअर बॉक्स. आण्णांनी उद्यमनगरात काम सुरू केलं तेव्हापासून ऑर्डर आली ती ओळखीनंच. वेबसाइट हा माझा हट्ट.

तेवढ्यात एकाचा फोन आला. पन्नास ठिकाणी तुमच्या नावानं प्रोफाइल काढतो, प्रत्येकात वेबसाइटची लिंक घालतो, गूगल आपोआप वर आणतंय. दिले पैसे. महिन्यानं एक्सेल शीट आली. त्यातल्या एका प्रोफाइलवर मी लग्नाचे फोटो काढत होतो आणि दुसऱ्यावर माझं गाव कोल्हापूर, देश कॅनडा. वेबसाइटवर मात्र अजून आम्ही दोघंच. नंतर कळलं की अशा प्रोफाइलमधल्या बहुतेक लिंकना ‘नोफॉलो’ची खूण असते, म्हणजे ही लिंक धरू नका असं गूगलला सांगणारी. गूगलनं ती २००५ मध्ये आणली ती कमेंटमधल्या फुकट जाहिरातींना आळा घालायलाच. २०१९ पासून गूगल तिला हुकूम न मानता इशारा मानतं, पण म्हणून कुणी आमचं पान डोक्यावर घेणार नव्हतं. लिंक असणं वेगळं आणि माणसानं त्या लिंकवर बोट ठेवणं वेगळं, हे समजायला मला ते पैसे घालवावे लागले.

मग लिंक्डइनकडं वळलो. तिथंही पहिली चूक केलीच. वर्कशॉपच्याच नावानं प्रोफाइल काढलं, फोटोच्या जागी पाटीचा फोटो. नियम असा की प्रोफाइल माणसाचं, धंद्याचं वेगळं पेज. ते बंद करून स्वतःच्या नावानं काढलं, आणि नावाखाली लिहिलं ‘प्रोप्रायटर’. आता परचेसमधला माणूस सर्चमध्ये प्रोप्रायटर कशाला टाकेल? नावाखालच्या त्या ओळीत २२० अक्षरं बसतात आणि तुम्ही कुठंही कमेंट केली तरी तिची सुरुवात नावाबरोबर दिसते. तिथं आता सरळ लिहिलंय: फाउंड्री पॅटर्न, कोअर बॉक्स, लाकूड, अ‍ॅल्युमिनियम, रेझिन, कोल्हापूर. तेही इंग्रजीत, कारण शोधणारा पुण्याचा की राजकोटचा सांगता येत नाही.

वेबसाइटचा पत्ता कॉन्टॅक्ट इन्फोमध्ये घातला होता. पण तो बघायला आधी एक क्लिक लागतो, आणि लग्नपत्रिका सोडली तर अनोळखी माणसाचं पाकीट कोण उघडतंय? मग प्रत्येक लिंकच्या शेपटीला वेगळी खूण जोडली (यूटीएम म्हणतात त्याला), म्हणजे आलेला माणूस कुठल्या दारानं आला ते अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसतं. कॉन्टॅक्ट इन्फोचं दार जवळजवळ बंदच निघालं. प्रोफाइलवरच दिसणाऱ्या ‘फीचर्ड’ भागात लावलेल्या लिंकवरून थोडे आले. बाकी सगळे एका पोस्टवरून आणि तिच्यामागून टाकलेल्या दुसरीवरून.

त्या पहिल्या पोस्टची गोष्ट अशी. आण्णांच्या टेबलावर एक जुनी स्टीलची पट्टी असते. तिच्यावरचे १०० मिलिमीटर साध्या पट्टीवर मोजले तर १०१ भरतात. नवीन पोरगं कामावर आलं की आण्णा त्याला दोन्ही पट्ट्या देऊन गंमत बघतात. कारण साधं आहे. ओतलेलं बीड (कास्ट आयर्न) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून ५०० मिलिमीटरचा जॉब हवा असेल तर पॅटर्न ५०५ चा करायचा. प्रत्येक माप गुणत बसण्यापेक्षा पट्टीच मोठी.

“आण्णा, पट्टी जरा धरा, फोटो काढतो.”

“पट्टीचा फोटो? कोण बघणार हाय?”

फोटोखाली पट्टी मोठी का, एवढंच लिहिलं. ‘आमच्या वेबसाइटला अवश्य भेट द्या’ वगैरे काही नाही. बीड, अ‍ॅल्युमिनियम, स्टील या तिन्हींच्या आकसण्याचं कोष्टक वेबसाइटवर ठेवलं आणि शेवटी त्याची लिंक. लिंक पोस्टमध्ये न घालता कमेंटमध्ये घालावी असं बरेच जण सांगतात. मी दोन्ही करून बघितलं, मला फारसा फरक दिसला नाही, आणि आण्णांच्या मित्रांना कमेंट सापडत नाही. घोटाळा दुसराच झाला. लिंकखाली आपोआप येणारं चित्र म्हणजे वेबसाइटच्या थीमबरोबर आलेला लॅपटॉप आणि कॉफीचा कप! वेबसाइटवर १२०० बाय ६२७ चा पट्टीचा फोटो चढवला, पण लिंक्डइनला जुनंच आठवत होतं. त्यांच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये लिंक टाकून तपासली, तेव्हा ते नवीन चित्र उचलायला लागलं. मग पोस्ट काढून पुन्हा टाकली.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या एका निवृत्त पॅटर्नमेकरांची कमेंट, मराठीत: “कोष्टक बरोबर आहे, पण अर्धं आहे. मास्टरचं काय?”

बरोबर होतं त्यांचं. अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतून करायचा तर आधी लाकडाचा मास्टर, म्हणजे पॅटर्नचाच पॅटर्न, करावा लागतो. म्हणजे आकसणं दोनदा. अ‍ॅल्युमिनियमचं साधारण १.३ टक्के आणि त्यावर बीडाचं एक, मिळून मास्टरला २.३ टक्के जास्त द्यायचं. आम्ही हे रोज करतो आणि लिहिताना मी विसरलो. आण्णांना सांगितलं तर ते माझ्याकडं नुसतं बघत राहिले. त्याच संध्याकाळी कोष्टक दुरुस्त केलं आणि काकांचे आभार मानून चूक काय झाली त्याची वेगळी पोस्ट टाकली. पहिल्या पोस्टपेक्षा तिच्यावरून जास्त लोक वेबसाइटवर आले. काही फाउंड्रीवाल्यांनी ती आपल्या पोरांना पाठवली असावी, कारण दोन दिवस ते एकच पान उघडलं जात होतं.

चौकशा म्हणाल तर आतापर्यंत चार. त्यातली एक पक्की झाली, एका पंपाच्या इम्पेलरचा पॅटर्न. ड्रॉइंगबरोबर त्यानं विचारलं होतं, माप तयार कास्टिंगचं देऊ की पॅटर्नचं? कोष्टक वाचूनच आला होता. आमच्या कंपनी पेजवर अजून माझे दोन मेहुणे आणि एक बँकवाला एवढेच फॉलोअर आहेत.

काल दुपारी जेवण झाल्यावर आण्णांनी कपाटातून दुसरी पट्टी काढली, स्टील कास्टिंगची, दोन टक्केवाली. फडक्यानं पुसून माझ्या कीबोर्डवर ठेवली.

“हिचा पण काढ. पण बाहेर उजेडात. मागच्यात आकडे नीट दिसत नव्हते.”